वसुलीचा हिशेब

सांगलीच्या हळदबाजारात तीन पिढ्यांची अडत असलेल्या त्या घरात विजेचे बिल आले की ते प्रथम दादांच्या हाती जाई. एप्रिलचे बिल चार हजारांवर गेले, तेव्हा थोरल्या मुलाने छतावर तीन किलोवॅटचे सौर पॅनेल बसविण्याचा विचार मांडला. २०२४ साली सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत एवढ्या संचाला ७८ हजारांचे अनुदान होते. ठेकेदाराचा भाव १ लाख ९५ हजार. अनुदान मागाहून खात्यात जमा होते. आधी पुरी रक्कम मोजावी लागणार. मोडण्यासारखी ठेव घरात एकच होती, ती आक्कांच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी राखलेली.

"तीन-चार वर्षांत मुद्दल सुटेल, दादा. पुढे नफाच," मुलगा म्हणाला.

"मुद्दल सुटेल रे. आक्काचा गुडघा तेवढी वर्षे थांबणार आहे का?"

आक्का म्हणाल्या, "माझे राहू द्या. पेढीचे बघा." त्यावर कोणीच बोलले नाही, त्या पायरी चढताना कठड्याला किती घट्ट धरतात, हे सर्वांना ठाऊक होते.

वाट काढली ती धाकट्या सुनेने. विजेचा दर टप्प्यांनी चढतो, म्हणून शेवटची युनिटे सर्वांत महाग. बचत प्रथम त्यांचीच होते, हे तिने बिलावर बोट ठेवून दाखविले. घरात ७५ वॅटचे पाच जुने पंखे होते. नवे बीएलडीसी पंखे ३० वॅटच्या आसपास वीज घेतात. दिवसाला बारा तास आणि वर्षाचे आठ महिने धरले, तर एका पंख्यामागे सुमारे १३० युनिटे वाचतात. युनिटाला दहा रुपये धरले तरी तेराशे रुपये झाले. पंखा तीन हजारांचा, म्हणजे वसुली सव्वादोन वर्षांत. एकदम नकोत, महिन्याला एक घ्यावा, असे तिचे म्हणणे. फ्रिजच्या दारात नोट अडकवून ओढली, तर ती अलगद निघाली. रबर सैल झाले होते, ते बदलले. गच्चीला पांढरा चुना दिला. ही युक्ती जुन्या माणसांना ठाऊक होतीच, मध्यंतरी कंटाळ्याने सुटली होती. माडीवरची खोली दुपारी बसण्याजोगी झाली.

मुलाला हे सारे चिल्लर वाटले. दिवाळीनंतर त्याने पुन्हा बिले मांडली, तेव्हा मात्र त्याच्याच ध्यानात आले की आता तीन किलोवॅटची गरज उरलेली नाही, दोन पुरे. अनुदान ६० हजारांवर आले, पण एकूण खर्चही तसाच उतरला. ती रक्कम हळदीच्या हंगामानंतर पेढीतून काढायचे ठरले.

आक्कांची शस्त्रक्रिया त्याआधी, श्रावणातच झाली होती. पॅनेल बसले त्या दिवशी त्या काठी टेकत गच्चीवर आल्या, काचेवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "यावर धूळ बसेल. पुसायचे कोणी, ते आजच ठरवा."