विमानात ग्लुटेनमुक्त जेवण : डबा हवाच
मला स्वतःला सिलिअ‍ॅक आजार आहे, म्हणून रुग्ण हमखास विचारतात, ‘डॉक्टर, विमानात तुम्ही काय खाता?’

तिकीट काढतानाच ‘जीएफएमएल’ म्हणजे ग्लुटेनमुक्त जेवण नोंदवा. बहुतेक कंपन्यांना निदान 24 तास आधी कळवावे लागते. जैन किंवा मधुमेहींचे जेवण चालेल असे समजू नका, त्यात पोळी असू शकते. आणि नोंदवले म्हणजे मिळालेच, असेही नाही. एका रात्रीच्या प्रवासात माझ्या ट्रेवर चिठ्ठी अगदी बरोबर होती, पण भाताला खेटून गव्हाचा पाव! असा पाव नुसता उचलून बाकीचे खाऊ नका. सिलिअ‍ॅकमध्ये थोड्याशा चुऱ्यानेही आतड्याला इजा होऊ शकते. मी ट्रे परत केला आणि डबा उघडला.

डब्यासाठी आपले उपवासाचे पदार्थ उत्तम : राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की. (साबुदाण्याची खिचडी चालते, पण थंड झाली की रबर होते.) थालीपीठ जपून, भाजणीत बहुधा गहू असतो. बाजारच्या हिंगातही अनेकदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, वेष्टन वाचा. परदेशी जाताना दही, चटणी 100 मिलिलिटरहून मोठ्या डबीत नेलीत, तर तपासणीत काढून घेतात. ऑस्ट्रेलियाला जाणार असाल, तर उरलेला खाऊ उतरण्याआधी संपवा, नाहीतर तिथे जाहीर करा.