रात्रीचे दप्तर

घोरणारा माणूस गाढ झोपेत असतो, हा समज आमच्या घराण्यात इतका दृढमूल होता, की वडिलांच्या घोरण्याकडे कोणी कधी चिंतेने पाहिले नाही, उलट आजी मायेने म्हणे, "दिवसभर राबतो बिचारा, झोपू दे डाराडूर." वडील तलाठी होते. देह धिप्पाड, मान आखूड. बांधाबांधाने हिंडून आल्यावर रात्री ते पानावर बसले, की भाताचा घास हातात असतानाच त्यांची मान छातीवर कलत असे, आणि आई हलकेच "अहो, आमटी निवतेय" म्हणाली म्हणजे ते दचकून, किंचित ओशाळून पुन्हा जेवू लागत. गावात त्यांच्याविषयी 'भला माणूस, पण सुस्त' असे बोलले जाई. तो शेरा त्यांच्या कानी येई, आणि ते मुकाट्याने ऐकून घेत. त्या अखंड थकव्यामागे एखादी व्याधी असू शकेल अशी शंका घेणारे त्या काळी त्या तालुक्यात कोणी नव्हते. वडिलांवर झालेला हा अन्याय मला आजही बोचतो.

पुढे त्यांचेच महसूल खाते मी पत्करले, आणि त्यांच्या देहाची ठेवणही माझ्या वाट्यास आली. सकाळी उठावे तो तोंडाला कोरड आणि कपाळात ठणका. दुपारी तीनच्या सुमारास एखाद्या अर्जाची कैफियत वाचू लागावे, तर तिच्या ओळी डोळ्यांपुढे एकमेकींत मिसळत. कित्येक वर्षे मी हे सारे वयाच्या आणि कामाच्या खाती टाकले. एके रात्री पत्नी म्हणाली, "अहो, तुमचा श्वास मध्येच थांबतो. मी अंक मोजत बसते, मग तुम्ही एकदम बुडता माणूस वर यावा तसा श्वास घेता." माझ्या निद्रेचे पहिले परीक्षण तिने केले, तेही स्वतःची झोप मोडून, तिचे हे ऋण मी विसरणार नाही.

निद्रेच्या तपासणीत श्वास अडण्याचा ताशी 38 हा आकडा निघाला. निद्रेत घशाचे स्नायू शिथिल होऊन श्वासमार्ग मिटतो, किमान 10 सेकंद श्वास थांबतो वा उथळ होतो, रक्तातील प्राणवायू उतरतो आणि मेंदू क्षणभर जागा होऊन मार्ग पुन्हा खुला करतो. झोपणाऱ्यास याचा पत्ताही नसतो. अशा घटना ताशी 5 च्या आत असल्या तर ते प्रकृतीस धरून, 30 च्या वर गेल्या तर व्याधी तीव्र. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन या वैद्याने 1981 मध्ये 'लॅन्सेट' नियतकालिकात आपला उपाय प्रसिद्ध केला, तोपर्यंत तीव्र रुग्णापुढे गळ्याला छिद्र पाडून घेण्यावाचून फारसा मार्ग नव्हता. सुलिव्हनने व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटारीने हवेचा सौम्य, अखंड दाब नाकावाटे आत सोडला आणि केवळ त्या दाबाच्या आधाराने घसा उघडा राहिला. आजचे सीपॅप यंत्र या कल्पनेचेच वंशज आहे.

असे यंत्र माझ्या उशाशी आले. मुखवट्याच्या सिलिकॉनची कड नाकाच्या दांड्यावर तांबडा वळ उठवी, तरी काही आठवड्यांत यंत्राच्या पडद्यावरचा आकडा 38 वरून 2 वर उतरला. सकाळचा ठणका गेला, घोरणे थांबले, पत्नीला स्वस्थ झोप लागू लागली. दुपारचा थकवा मात्र पुरता हटला नाही. तो बोलून दाखवला, की जो तो त्या 2 या आकड्याकडे बोट दाखवी. जणू आकडा बरा असल्यावर माणसाला थकण्याचा अधिकारच उरत नाही.

रुजुवात करण्यात माझी हयात गेलेली. मुलीने यंत्रातील मेमरी कार्ड संगणकाला जोडून रात्रीचा आलेख उलगडला, तेव्हा गोषवारा बाजूस ठेवून मी तपशील पाहू लागलो. श्वासाची रेषा बहुतेक ठिकाणी गोल माथ्याच्या लाटांनी सरकत होती. परंतु काही पट्ट्यांत त्या लाटांचे माथे चेपल्यासारखे सपाट झाले होते. डॉक्टरबाईंनी सांगितले, की तिथे मार्ग मिटत नाही पण अरुंद राहतो, श्वास ओढण्याचे श्रम होतात आणि मेंदू चाळवतो. यातले पुष्कळसे त्या 2 या आकड्यात धरलेच जात नाही. शिवाय यंत्र हवेचा प्रवाह मोजते, मेंदूचे तरंग नव्हे. त्यामुळे मुखवटा लावून मी जागा पडून असलो तरी तो वेळही भागाकारात जातो आणि सरासरी उतरते. याहून महत्त्वाची गोष्ट आलेखाच्या उजव्या टोकाला होती. पहाटे चारच्या आसपास रेषाच संपत होती. झोपेतच माझा हात मुखवटा काढून टाकीत होता आणि पुढचे दोन तास मी यंत्रावाचून झोपत होतो. स्वप्नांची निद्रा प्रामुख्याने रात्रीच्या उत्तरार्धात येते, त्या अवस्थेत स्नायू सर्वाधिक शिथिल असतात, आणि अनेकांचा श्वासरोध तिथेच बळावतो. चावडीत बसून पीकपाहणी झाली, की गाव नमुना 12 निर्वेध दिसतो आणि शेवटच्या शिवारात काय करपले ते त्यात येत नाही. माझ्या पहाटेची गत नेमकी तीच होती. अमेरिकेच्या सरकारी विमा योजनेत रात्री किमान चार तास, तेही शंभरातील सत्तर रात्री, यंत्र वापरले की वापर पुरेसा धरतात. तो खर्चाच्या मंजुरीचा निकष होय. चार तासांत शरीराची झोप पुरी होते असा त्याचा अर्थ कोणी करू नये.

डॉक्टरबाईंनी मुखवटा बदलला, दाबात थोडा फेर केला, आणि तेवढ्यावर न थांबता हिमोग्लोबिन, थायरॉईड व बी-12 यांच्या तपासण्या लिहून दिल्या. पैकी बी-12 फारच उतरलेले निघाले; आम्हा शाकाहारी मंडळींत ही उणीव पुष्कळांना असते. मन उदास असते का, हेही त्यांनी खोदून विचारले, कारण त्या थकव्याला कोणतेच यंत्र पुरे पडत नाही. मग मेलबर्नच्या मरे जॉन्स यांची 1991 ची प्रश्नावली त्यांनी पुढे ठेवली: वाचताना, दुपारी आडवे झाल्यावर, गाडीत बसल्यावर डुलकी लागण्याचा संभव किती, असे आठ प्रश्न, कमाल गुण 24, आणि 10 च्या वर गेल्यास निद्राळूपणा अधिक समजावा. ही नोंद यंत्र करीत नाही, ती रुग्णालाच द्यावी लागते. वडिलांना हे आठ प्रश्न कोणी विचारले असते, तर त्यांच्या नावापुढे 'सुस्त' हा शेरा पडला नसता, असे मला राहून राहून वाटते.

बी-12 ची इंजेक्शने सुरू झाल्याला आता बराच काळ लोटला आहे. आलेखाची रेषा सहापर्यंत जाऊ लागली आहे, सपाट माथे विरळ झाले आहेत, आणि प्रश्नावलीतील माझे गुण 15 वरून 11 वर आले आहेत. अकरा म्हणजे अद्याप एक जास्तच, असे म्हणून डॉक्टरबाईंनी मुखवटा लावलेल्या स्थितीत, मेंदूच्या तरंगांसह, आणखी एका रात्रीची तपासणी ठरवली आहे. आकडा 2 असूनही त्यांनी माझे प्रकरण निकाली काढले नाही, याबद्दल मी त्यांचा मनापासून आभारी आहे.