परमुलखातील शाकारणी

वैशाख लागला की आमच्या बेळगावच्या घरी वडील शिडी काढीत. मंगलोरी कौलांचे ते जुने छप्पर दरवर्षी मृगापूर्वी शाकारावे लागे. वडील आणि एक जाणता गडी वर चढत, फुटकी कौले खाली देत, आणि आम्ही दोघे भाऊ अंगणातून चांगली कौले हातोहात वर पोचवीत असू. काम संपले की वडील माजघराच्या मध्यभागी उभे राहून वर पाहत. जेथे उजेडाची तिरीप दिसेल तेथे पाणी येणारच, असा त्यांचा हिशेब होता. हे काम धाकट्या भावाबरोबर मी पुन्हा एकदा करीन, आणि तेही अमेरिकेत, हे मला कोणी सांगितले असते तर खरे वाटले नसते.

गेल्या वर्षी शाळेला सुटी लागल्यावर, एप्रिलच्या अखेरीस मी त्याच्याकडे गेलो. तिकीट त्यानेच पाठविले होते. मेतकूट, बेसनाचे लाडू आणि पुतणीसाठी घेतलेले परकर-पोलके यांच्या खाली माझ्या पेटीत एक कागद होता. वडिलार्जित घर विकण्यास त्याची संमती असल्याचा तो मसुदा. त्यावर सही घ्यावी आणि परतावे, असे मी मनाशी ठरविले होते.

भाऊ राहतो ते गोशेन हे गाव इंडियाना राज्यात, शिकागोच्या पूर्वेस सुमारे १९० किलोमीटरांवर आहे. सपाट प्रदेश, मक्याची शेते, आणि रस्त्याच्या कडेने जाणाऱ्या काळ्या घोडागाड्या. त्या गाड्या अमिश लोकांच्या. साधेपणाचे व्रत घेतलेला हा ख्रिस्ती पंथ या भागात १८४१ पासून वस्ती करून आहे. गंमत अशी, की ज्या परगण्यात मोटार न बाळगणारी ही माणसे नांदतात, तोच परगणा मोटारीमागे जोडायच्या फिरत्या घरांच्या कारखान्यांसाठी साऱ्या अमेरिकेत प्रसिद्ध आहे. जवळच्या मिडलबरी गावी लॉइड बॉन्ट्रेगर या गृहस्थांनी १९६८ मध्ये पत्नीच्या साथीने आपल्या शेतावरील कोंबड्यांच्या खुराड्यांत असा कारखाना सुरू केला. तो ‘जेको’ या नावाने मोठा झाला. एल्कहार्टला या घरांचे संग्रहालयही आहे. तेथे १९१३ सालची एक चाकांवरची खोली मी पाहिली. माणसाला घर सोडून जायचे असते आणि घर बरोबरही न्यायचे असते, ही हौस तेव्हापासूनची!

भावाने अशीच एक जुनी गाडी स्वस्तात घेतली होती. तिला तिकडे टेन्ट ट्रेलर म्हणतात. आपण दोन चाकांवरची राहुटी म्हणू. मिटलेली असताना ती कमरेएवढ्या उंचीची पेटीच दिसते. मुक्कामी पोचल्यावर एक दांडा फिरवायचा. तारा ताणल्या जातात, चारी कोपऱ्यांचे खांब एकदम वर येतात आणि छप्पर उचलतात. मग दोन्ही बाजूंचे पलंग बाहेर ओढले, की कॅनव्हासच्या भिंती ताठ उभ्या राहतात. सारा डोलारा त्या एका छपरावर टांगलेला! आणि नेमके तेच छप्पर गेले होते. दांडा फिरविला की तीन कोपरे वर येत आणि चौथा करकरत मागे राही.

“दादा, तुम्ही आलाच आहात तर हे उघडून बघू या का?” भावाने विचारले. मी सुताराचा मुलगा नव्हे. पण नाही म्हणवले नाही.

चार शेजाऱ्यांच्या मदतीने आम्ही छप्पर सोडविले आणि गॅरेजमध्ये लाकडी घोड्यांवर उलटे ठेवले. अशा छपराची रचना सोपी असते. वर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, खाली प्लायवूडचे तावदान, मध्ये थर्माकोल आणि कडेने लाकडी पट्ट्या. खांबांचे स्क्रू याच पट्ट्यांत बसतात. पत्रा शाबूत असतो. पाणी शिरते ते सांध्यांतून, स्क्रूच्या भोकांतून आणि हवेसाठी ठेवलेल्या झरोक्याच्या कडेने. दोन्हीकडून बंद असल्याने आत गेलेले पाणी सुकत नाही आणि लाकूड मुकाट्याने कुजत राहते. भावाने मला परीक्षा शिकविली: पेचकस टोचून पाहावा, निरोगी लाकूड त्याला आत घेत नाही. चौथ्या कोपऱ्यात पेचकस मुठीपर्यंत गेला. हाताला लागला तो ओला, काळा भुसा.

दोष कारखान्याचा नव्हता. आधीच्या मालकाने दर गळतीवर सिलिकोनचा लेप थापला होता, लेपावर पुन्हा लेप. सिलिकोनवर पुढे ना रंग धरत, ना दुसरे काही चिकटत. ते खरवडून काढण्यातच आमचे दोन दिवस गेले. खरवडताना माझा हात मधूनच थांबे. त्याचे कारण भावाला ठाऊक नव्हते.

लाकूड आणायला आम्ही एका अमिश सुताराच्या वखारीत गेलो. आमचे बोलणे ऐकून त्याने विचारले, “ही भाषा कोणती?” भावाने सांगितले. तो म्हणाला, “आम्हीही घरी आमची जुनी जर्मन बोली बोलतो. इंग्रजी शाळेत.” मग सहज विचारले, “तुमची मुले बोलतात का?” भावाने पट्ट्या मोजायला घेतल्या. पुतणीला मराठी कळते, पण ती उत्तर इंग्रजीत देते. परतताना गाडीत बराच वेळ कोणी बोलले नाही.

भावाच्या मनात छप्पर भक्कम करायचे म्हणून पाऊण इंची प्लायवूड घालायचे होते. पण तसला आठ फूट बाय चार फुटांचा एक ताव जवळजवळ ३० किलो भरतो. उचलणाऱ्या तारा ठरावीक वजनापुरत्याच असतात. मजबुतीच्या हौसेने छप्पर जड केले तर तेच तारा तोडते. म्हणून पातळ प्लायवूड, नवे थर्माकोल आणि कडेला चांगल्या लाकडाच्या पट्ट्या असे ठरले. मधल्या आडव्या पट्ट्यांना मी किंचित बाक द्यायला लावला. जुने छप्पर मध्ये बसले होते आणि त्यावर तळे साचे. पाण्याला बसायला जागा देऊ नये, हा वडिलांचा नियम इंडियानातही लागू पडला. सरस लावून, वर वजने ठेवून ते रात्रभर दाबून ठेवले. सांध्यांत ब्यूटिल रबराची चिकट पट्टी घातली. ती वर्षानुवर्षे मऊ राहते आणि लाकूड हलले तरी फट पडू देत नाही. प्रत्येक स्क्रू त्या पट्टीतूनच पिळला.

तिसऱ्या शनिवारी छप्पर जागेवर चढले. पुतणीने दांडा फिरविला. चारही कोपरे सारखे वर आले. मग भावजयीने बागेतली नळी घेऊन अर्धा तास वरून पाणी सोडले आणि आम्ही तिघे आत बसलो. पाण्याचा आवाज थेट कौलांवरच्या पावसासारखा नव्हता, पण कान ओळखायचे ते ओळखत होते. भाऊ मध्यभागी उभा राहिला आणि मान वर करून एकेक सांधा न्याहाळू लागला. तीच मान, तोच कमरेवरचा हात. थेंब कोठेच नव्हता.

वर पाहतच तो म्हणाला, “दादा, आपल्या घराचं आढं कसं आहे?”

दर पत्रात, दर फोनवर मी ‘घर ठीक आहे’ असेच सांगत आलो होतो. त्या दिवशी ते सांगता येईना. चार वर्षांपूर्वी मागच्या पडवीकडे गळू लागले. शाकारणारे जाणते गडी मिळेनात. मी कौलांवर निळी ताडपत्री टाकली, विटा ठेवल्या. पुढच्या वर्षी त्यावर दुसरी. भाऊ डागडुजीसाठी पैसे पाठवी, ते तसेच बँकेत राहिले. खाली लाकडाचे काय झाले हे पाहण्याचे धैर्य झाले नाही, आणि न पाहताच विकायचे ठरविले. हे सारे मी त्याला सांगितले आणि पेटीतला कागदही आणून दिला.

त्याने तो वाचला. रागावला नाही. इतकेच म्हणाला, “मीही बारा वर्षांत एकदाही वर चढून पाहिलं नाही. पैसे पाठवले की झालं असं वाटायचं. सही करायची तर करीन, पण आधी ताडपत्री काढू या.” पुतणी आमच्याकडे पाहत होती. तिने विचारले, “मोठे काका, आढं म्हणजे काय?” प्रश्न मराठीत होता. मी तिला कागदावर घराची आकृती काढून दाखविली: हे आढे, हे वासे, या रिपा, ही कौले.

शाळा सुरू होण्यापूर्वी परतलो आणि एका वृद्ध सुताराला घेऊन शिडी लावली. ताडपत्र्या काढल्या. आढ्याला पेचकस टोचत गेलो. पश्चिमेकडचे दीड हात लाकूड पोकळ निघाले. उरलेले सागवान इतके घट्ट, की पेचकस वाकला. कुजलेला भाग कापून नवा तुकडा सांधला आणि पहिल्या पावसाच्या आत पडवी शाकारून घेतली. त्या रात्री फोनवर भावाला पाऊस ऐकविला.

तो कागद अजून माझ्या कपाटात आहे, सहीवाचून. घर राखायचे की विकायचे, हे येत्या वैशाखात तो कुटुंबासह येईल तेव्हा सर्वांनी बसून ठरवायचे आहे. कदाचित विकूही. पण विकले तरी, आढ्यात काय आहे हे पाहून विकू.