पोरांच्या सामन्यातला पंच

शालेय फुटबॉल सामन्याचा पंच एकाच वेळी दोन कामे करत असतो. नियम लावणे हे त्याचे उघड काम. ज्यांना तो लावायचा त्यांना खेळता खेळता समजावून देणे हे दुसरे. व्यावसायिक खेळाडू नियम जाणून असतात आणि मोडतातही जाणूनबुजून. बारा-चौदा वर्षांच्या पोराला मात्र पुष्कळदा नियम मोडल्यावरच कळते की असा काही नियम आहे. घरातल्या कायद्यात आईवडिलांची माया मिसळलेली असते, वर्गातल्या कायद्यात परीक्षेचा धाक. ज्याला आपल्या हारजितीशी देणेघेणे नाही अशा परक्या माणसाचा निवाडा मुलाला बहुधा प्रथम मैदानावरच भेटतो. न्याय म्हणजे काय, याची पहिली समज त्या भेटीतून येते.

या खेळाला सुरुवातीला मैदानातला पंच नव्हताच. १८६३ मध्ये इंग्लंडात फुटबॉल असोसिएशनने नियम लिहिले, तेव्हा सभ्य माणसे आपापले तंटे आपणच मिटवतील अशी समजूत होती. पुढे दोन्ही संघ आपला एकेक अंपायर आणू लागले आणि त्या दोघांचे जमले नाही तर रेषेबाहेर उभ्या असलेल्या तिसऱ्या माणसाकडे प्रश्न जाऊ लागला. १८९१ मध्ये हा तिसरा माणूस शिट्टी घेऊन मैदानात आला. पेनल्टी किकही त्याच वर्षीची. त्यानंतरच्या काळात पंचगिरीला आजचे रूप देणाऱ्यांत दोन नावे ठळक आहेत आणि दोघेही पेशाने शिक्षक होते. वॉटफर्डच्या शाळेत खेळ शिकवणारे स्टॅन्ली राउस यांनी पंचाने मैदानात तिरक्या रेषेत धावण्याची पद्धत रूढ केली, १९३८ मध्ये नियमांची फेरमांडणी केली आणि पुढे ते फिफाचे अध्यक्ष झाले. दुसरे केन ॲस्टन, प्राथमिक शाळेचे मुख्याध्यापक. १९६६ च्या विश्वचषकात इंग्लंड-अर्जेंटिना सामन्यात कोणाला ताकीद मिळाली आणि कोणाला बाहेर काढले, हेच खेळाडूंना कळेना. घरी परतताना रस्त्यावरच्या सिग्नलचे दिवे पाहून ॲस्टन यांना पिवळ्या आणि लाल कार्डांची कल्पना सुचली. १९७० मध्ये मेक्सिकोच्या विश्वचषकात ती कार्डे प्रथम दिसली. शेवटच्या बाकावरच्या मुलालाही कळले पाहिजे, ही शिक्षकाची सवय त्या कल्पनेत दिसते.

फुटबॉलचे नियम सतरा आहेत आणि ते १८८६ मध्ये स्थापन झालेले इफॅब हे मंडळ ठरवते. मुलांसाठी मैदानाचा आकार, चेंडूचे माप, सामन्याचा वेळ आणि बदली खेळाडूंची पद्धत बदलण्याची मुभा राष्ट्रीय संघटनांना असते. मोठ्यांचा पाच नंबरचा चेंडू लहान गटात चार नंबरचा होतो, त्याहून लहानांसाठी तीन नंबरचा. अमेरिकेतल्या हायस्कूल फुटबॉलचे नियमपुस्तक तर वेगळेच आहे. तेथील राज्यांच्या शालेय संघटनांचा महासंघ ते काढतो. त्यात सामना चाळीस-चाळीस मिनिटांच्या दोन डावांचा असतो आणि पिवळे कार्ड मिळालेल्या खेळाडूला काही काळ बाहेर जावे लागते, त्याच्या जागी दुसरा उतरू शकतो. तापलेल्या पोराला बाकावर बसवून पाणी पाजावे, दोन शब्द सांगावेत, एवढीच त्या नियमाची अपेक्षा. तेथील राष्ट्रीय फुटबॉल महासंघाने २०१५ च्या अखेरीस दहा वर्षे आणि त्याखालील मुलांना चेंडू डोक्याने मारण्याची मनाई जाहीर केली. तोपर्यंत जो खेळ होता तो तिथल्या पंचाला त्या वयोगटात फाउल म्हणून थांबवावा लागतो.

महाराष्ट्रात शालेय फुटबॉलचा मोसम पावसात येतो. १९६० मध्ये सुरू झालेल्या सुब्रतो चषकाची वाट जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी दिल्लीला जाते आणि तिच्या खालच्या पायऱ्या चिखलातल्याच असतात. मुंबईत शालेय क्रीडा संघटना १८९३ पासून आहे. आझाद मैदानावर तिच्या सामन्यांत पिढ्यान्‌पिढ्या पोरे भिजली आहेत. कोल्हापुरात मोठी माणसे पाटाकडील, दिलबहार, खंडोबा अशा तालमींच्या नावाने खेळतात, त्यामुळे पोराच्या अंगावर शाळेची जर्सी असली तरी मनात पेठ असते. अशा सामन्यांत पंच म्हणून पुष्कळदा क्रीडाशिक्षकच उभे राहतात. पोरे त्यांना ‘रेफरी’ म्हणत नाहीत, ‘सर’ म्हणतात. ‘सर, हॅंड!’, ‘सर, किती वेळ राहिला?’ अशा हाकांत तक्रार असते तसाच विश्वासही असतो.

काम सामन्याआधीच सुरू होते. गोलखांब जमिनीत पक्के रोवलेले आहेत की नुसते टेकवलेले, हे आधी हलवून पाहायचे. आडव्या दांडीला लोंबकळणारे पोर शाळेत हमखास असते. फक्कीच्या रेषा रात्रीच्या पावसाने धुऊन गेल्या असतील तर पेनल्टी क्षेत्र तरी पुन्हा आखून घ्यायचे, कारण त्या रेषेच्या अलीकडे-पलीकडे एका फाउलची किंमत बदलते. मग रांगेत उभ्या पोरांची तपासणी: बुटांचे खिळे, मोज्याच्या आत शिनगार्ड आणि अंगावरचे दागिने. नियम सर्व दागिने उतरवायला सांगतो, वरून पट्टी चिकटवूनही चालत नाही. इथे गळ्यातला ताईत असतो, हातातले कडे असते, मुलींच्या कानांत आईने हौसेने घातलेल्या कुड्या असतात आणि श्रावणात राख्या. बहिणीने आदल्या दिवशी बांधलेली राखी सोडायला पोर तयार नसते. तिच्यावरची धातूची चकती दुसऱ्याच्या डोळ्याजवळून कशी जाऊ शकते, हे दाखवले की तेच गाठ सोडून राखी दप्तरात ठेवते. नियमामागचे कारण मुलाला कळले की त्याचा हट्ट फार वेळ टिकत नाही. तपासणीच्या त्या पाच मिनिटांत पंचाचा आवाजही सर्वांच्या ओळखीचा होऊन जातो.

खेळ सुरू झाला की सगळा भरवसा पायांवर. मोठ्या सामन्यात दोन प्रशिक्षित सहायक पंच रेषेवर असतात. शालेय सामन्यात मात्र झेंडा पुष्कळदा एखाद्या संघाच्या राखीव पोराच्या हाती असतो आणि चेंडू बाहेर गेला एवढेच त्याने दाखवायचे असते. ऑफसाइड पंचानेच पाहायचे. निर्णय बरोबर असूनही पंच चेंडूपासून लांब उभा असेल तर तो कोणाला पटत नाही, आणि घामाघूम होऊन दहा पावलांवर पोहोचलेल्या पंचाचा कठोर निर्णयही पोरे मुकाट्याने घेतात.

फाउलची नियमपुस्तकात तीन मापे आहेत. निष्काळजीपणा असेल तर नुसती फ्री किक; परिणामाची पर्वा न करता घुसणे असेल तर पिवळे कार्ड; अवाजवी जोर लावून दुसऱ्याला धोक्यात टाकणे असेल तर लाल. मुलांच्या खेळात पहिल्या मापाची गर्दी असते, कारण वाढत्या वयात पाय कुठे पडेल यावर पोराचा पुरता ताबा नसतो. वर्षभरात वीतभर उंच झालेल्या मुलाची टक्कर त्याच्याच वर्गातल्या किडकिडीत मुलाशी होते, तेव्हा आडवा झालेला प्रत्येक जण फाउलचा बळी असतोच असे नाही. हाताला लागलेल्या चेंडूचेही तेच. चेहऱ्याकडे जोरात आलेल्या चेंडूपुढे हात आपोआप येतो. तो बचाव आहे की फायदा घेण्याचा प्रयत्न, हे क्षणात ओळखावे लागते. पडल्या पडल्या मागे वळून कोणी पाय मारला, तर मात्र वय किती हे पाहायचे नसते.

शिट्टी रोखून धरणे त्याहून अवघड आहे. फाउल होऊनही ज्याच्यावर झाला त्याच्या संघाची चाल पुढे सरकत असेल, तर पंच खेळ चालू ठेवू शकतो आणि काही सेकंदांत फायदा दिसला नाही तर मागे येऊन फ्री किक देऊ शकतो. मोठ्यांना हे आवडते. लहान मुलाला मात्र लागलेल्या पायाचा हिशेब आधी हवा असतो. कोणी दखल घेतली नाही असे वाटले तर पुढच्या मिनिटाला तो स्वतःच हिशेब चुकता करतो. म्हणून अनुभवी पंच दोन्ही हात पुढे करून ‘पाहिलंय, खेळा!’ असे मोठ्याने म्हणतो. ‘पाहिलंय’ एवढ्यानेच निम्मा राग उतरतो.

ऑफसाइडवर सर्वांत जास्त आरडाओरड होते. १९२५ पासून नियम असा, की चेंडू खेळला जाताना आक्रमक चेंडूपेक्षा आणि प्रतिस्पर्ध्यांपैकी शेवटून दुसऱ्यापेक्षा गोलरेषेच्या जवळ असू नये. त्याआधी दोनऐवजी तीन प्रतिस्पर्ध्यांची अट होती. पण नुसते तिथे उभे असणे गुन्हा नाही, तिथून खेळात भाग घेणे गुन्हा आहे. आपल्या अर्ध्यात ऑफसाइड होत नाही आणि थ्रो-इन, गोल किक किंवा कॉर्नरचा चेंडू थेट मिळाला तरीही होत नाही. रेषेबाहेरच्या पालकांना यातले बहुधा पहिलेच वाक्य ठाऊक असते. पंच बाहेरच्यांना उत्तर देत नाही. खेळ थांबला की ज्या पोराचा गोल नाकारला त्याला एका वाक्यात कारण सांगतो.

कार्ड हा शेवटचा उपाय. त्याआधी नजर असते, नेहमीपेक्षा लांब वाजलेली शिट्टी असते आणि कर्णधाराला बोलावून सांगितलेला एखादा शब्द असतो. तोंडाळपणासाठी मुलांच्या आणि हौशी फुटबॉलमध्ये २०१७ पासून आणखी एक सोय आहे: खेळाडूला सामन्याच्या दहा ते पंधरा टक्के वेळ बाहेर बसवायचे आणि मग परत घ्यायचे. शिक्षा लगेच मिळते, लगेच संपते आणि पोर त्याच सामन्यात पुन्हा चांगले खेळू शकते. २०१९ पासून रेषेबाहेरच्या प्रशिक्षकालाही कार्ड दाखवता येते. शालेय सामन्यात हा प्रसंग नाजूक, कारण प्रशिक्षक पोरांचे रोजचे सर असतात. म्हणून पहिली ताकीद चालत जाऊन, हळू आवाजात दिलेली बरी. तेवढ्याने भागले नाही तर कार्ड दाखवावेच लागते. नियम सरांनाही लागू आहे, हे पोरे त्या दिवशी शिकतात.

दुखापत आणि वीज यांच्यापुढे मात्र कोणाचीही रदबदली ऐकायची नसते. डोक्याला मार लागलेले पोर ‘मी ठीक आहे’ असेच म्हणते, कारण त्याला बाहेर जायचे नसते. अमेरिकेत २००९ मध्ये वॉशिंग्टन राज्याने कायदा केला, की मेंदूला धक्का बसल्याची शंका आली तरी मुलाला बाहेर काढायचे आणि वैद्यकीय जाणकाराच्या परवानगीशिवाय परत घ्यायचे नाही. पुढे इतर राज्यांनीही असे कायदे केले. तेथील शालेय नियमांत शेवटचा गडगडाट ऐकल्यावर तीस मिनिटे मैदान रिकामे ठेवतात. वळवाच्या आणि परतीच्या पावसात हे आपल्याकडेही पाळण्यासारखे आहे.

पंच चुकतोही. खेळ पुन्हा सुरू होईपर्यंत त्याला निर्णय बदलता येतो, नंतर नाही. उघड चूक वेळेत दुरुस्त करणारा पंच पोरांच्या नजरेत उतरत नाही. पण एका चुकीची भरपाई म्हणून समोरच्या संघाला काही देऊ गेला, की दोन्ही बाजूंचा भरवसा जातो. मुले कडक पंच सहन करतात, ढिलाही सहन करतात. दोन डावांत दोन मापे वापरणारा सहन करत नाहीत. दहा गोलांनी हरणाऱ्या संघाच्या अकराव्या मिनिटातल्या आणि शेवटच्या मिनिटातल्या थ्रो-इनलाही तेच माप लागते.

शेवटच्या शिट्टीनंतर हस्तांदोलन, सही आणि कार्डांचा लेखी अहवाल एवढे उरते. नवे पंचही याच सामन्यांत तयार होतात. गोव्याच्या उवेना फर्नांडिस २०१६ मध्ये जॉर्डनला झालेल्या सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात सहायक पंच होत्या. तिथवरची वाट अशा लहान मैदानांवरून जाते, पण शिकाऊ पंचच पालकांच्या शिव्यांना कंटाळून शिट्टी खाली ठेवतात. अमेरिकेत आणि इंग्लंडात पंच कधी कधी खेळाडूंच्याच वयाचा असतो. त्याच्यावर ओरडणारा प्रेक्षक दुसऱ्याच्या मुलावर ओरडत असतो. आपल्या पोरांचे सामने व्हावेत असे ज्यांना वाटते, त्या पालकांनी, शिक्षकांनी आणि आयोजकांनी पंचाला मानधन वेळेवर द्यावे आणि त्याच्यावर ओरडणाऱ्याला स्वतः थांबवावे. नियम शिकवायला कोणीतरी मैदानात यावे, यासाठी एवढे पुरते.