टाकीतली वाफ

चेक इंजिनचा दिवा लागला की गाडीवाल्याचा प्रश्न ठरलेला: "किती वेळात बंद होईल?" का लागला, हे विचारणारा विरळाच. स्कॅनर लावून कोड पुसणं हे दोन मिनिटांचं काम, आणि घाटकोपर-मानखुर्द लिंक रोडच्या कडेने तेवढंच करून पैसे घेणारेही आहेत. गिऱ्हाईक खूश होऊन जातं आणि चार दिवसांनी तोच दिवा घेऊन परत येतं. मी आधी कोड वहीत उतरवतो, मग बॉनेट उघडतो. टाकीतल्या पेट्रोलच्या वाफेचा कोड असला तर जरा जास्तच सावकाश. गाडी पळत असते, आवाज नसतो, ओढही कमी झालेली नसते. अशा बिघाडात अंदाजाने सुटे भाग बदलत सुटायचा मोह फार.

पेट्रोल टाकीत नुसतं पडून असलं तरी उडत राहतं. मे महिन्यात उन्हात लावलेल्या गाडीचं तर विचारूच नका. पूर्वी ही वाफ सरळ हवेत जायची. कॅलिफोर्नियाने १९७० च्या मॉडेलपासून ती अडवायला लावली आणि पुढे तीच पद्धत आपल्याकडेही आली. टाकीतून एक पाईप कॅनिस्टरकडे जातो. कॅनिस्टर म्हणजे काळा प्लॅस्टिकचा डबा, आत खास प्रक्रिया केलेल्या कोळशाचे दाणे. हा कोळसा वाफ धरून ठेवतो. इंजिन तापलं की कॉम्प्युटर पर्ज वॉल्व्हची उघडझाप करतो, मॅनिफोल्ड ती वाफ ओढून घेतं आणि ती जळून जाते. भारत स्टेजच्या चाचणीत गाडी बंदिस्त खोलीत ठेवून वाफ मोजतात. २ ग्रॅमच्या वर गेली की गाडी नापास.

हल्ली पोरं मोबाइलवर अमेरिकी मिस्त्र्यांचे व्हिडिओ बघून येतात. "काका, टाकीचं झाकण बदला, दिवा जाईल." तिथे ते खरं आहे. तिथल्या गाड्या टाकीसकट सगळे पाईप बंद करून दाब तपासतात, अर्ध्या मिलिमीटरचं भोकही पकडतात. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत टाकीला दाबाचा सेन्सरच नसतो. कॉम्प्युटरचं लक्ष असतं ते मुख्यतः पर्ज वॉल्व्हच्या वायरीवर. झाकणाचं रबर फाटलं तर इथे वास येईल, दिवा बहुधा लागणार नाही. दिवा लागला, तर आधी वायर बघायची.

आणि वायरीमागे उंदीर. देवनारचं डम्पिंग ग्राउंड १९२७ पासूनचं, त्यामुळे आमच्याकडे उंदरांना तोटा नाही. पावसाळ्यात ते उबेला इंजिनात शिरतात. अशीच एक पांढरी हॅचबॅक आली. कोड पी-०४४४, म्हणजे पर्ज वॉल्व्हचं सर्किट तुटलेलं. आधीच्या गॅरेजने नवा वॉल्व्ह घालून दिला होता, दिवा तसाच. पोऱ्याला म्हटलं, पान्याला हात लावू नकोस, मीटर आण. कपलर काढून वॉल्व्हच्या दोन पिनांवर ओहम बघितले: २६. अशा कॉइलला वीस-तीसच्या दरम्यान येतात, म्हणजे वॉल्व्ह धडधाकट. चावी ऑन केली, कपलरच्या एका पिनवर बॅटरीचे बारा व्होल्टही आले. दुसरी वायर कॉम्प्युटरकडे जाते; तो तिला अर्थिंग देतो तेव्हा वॉल्व्ह उघडतो. तिची कंटिन्युइटी मिळेना. हार्नेसची टेप सोलत गेलो तर बॅटरीच्या ट्रेखाली वायर कुरतडलेली, तांबं हिरवं पडलेलं, शेजारी लेंड्या. डाग मारून वायर जोडली, वर स्लीव्ह चढवली. त्या नव्या वॉल्व्हचे पैसे मात्र गिऱ्हाइकाचे गेले ते गेलेच.

वॉल्व्ह उघडा अडकला तर लक्षण वेगळं. पेट्रोल भरून पंपावरून निघताना गाडी सुरू व्हायला कुरकुरते, कारण वाफेचा लोट थेट इंजिनात शिरतो. अशा वेळी वॉल्व्हवरून कॅनिस्टरकडचा पाईप काढायचा आणि त्या तोंडावर बोट ठेवायचं. थंड इंजिन आयडलला असताना तिथे ओढ लागता कामा नये; लागली तर वॉल्व्ह गेला. या पाईपांत कॉम्प्रेसरची हवा मारायला माझ्या गॅरेजात सक्त मनाई आहे. तो दाब टायरसाठी ठीक. इथे डबा फुटतो, आणि आत पेट्रोलची वाफ असते.

कॅनिस्टरचा खरा काळ पंपावर आहे. नोझल कट झाली तरी राउंड फिगरसाठी आणखी थोडं, मग आणखी थोडं. ते पेट्रोल वाफेच्या पाईपातून कोळशात उतरतं. भिजलेला कोळसा वाफ धरत नाही, आणि दाणे फुटून त्यांची भुकटी पर्ज वॉल्व्हमध्ये जाऊन बसते. मग दोन्ही बदला.

पीयूसीत यातलं काही दिसत नाही. तिथे सायलेन्सरमध्ये प्रोब घालून धूर मोजतात. टाकीची वाफ मोजायची सोयच नाही. कागद ताजा असलेली गाडी रात्रभर उभ्याउभ्या हवा नासवू शकते. माहुल इथून जवळच. तिथल्या तेलाच्या टाक्यांतून सुटणाऱ्या अशाच वाफांवरून राष्ट्रीय हरित लवादाने २०२० मध्ये कंपन्यांना कोट्यवधींची भरपाई भरायला सांगितली. हे सांगितलं की गिऱ्हाईक हसतं, "त्या टाक्या केवढ्या, माझी केवढी!" बरोबर आहे. पण संध्याकाळी लिंक रोडच्या सिग्नलला उभ्या असलेल्या गाड्या एकदा मोजून बघा.

तेव्हा नोझल कट झाली की पंपावरच्या माणसाला तिथेच थांबवा. आणि दिवा लागलाच, तर कोड पुसण्याआधी तो कागदावर लिहून मागा.