शिदोरीतली ऊब

केळझरचा गणपती मागे पडला तेव्हा आभाळ नुसतं मळलेलं होतं. फाल्गुन नुकताच लागला होता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना हरभरा पिवळा पडत आलेला, गव्हाच्या ओंब्या वाळून ताठ, आणि मधूनच एखादी केळीची बाग. सेलूची केळी एके काळी साऱ्या विदर्भात नावाजलेली. आता बागा विरळ झाल्यात, म्हणून एखादी दिसली की माझा पाय आपोआप सैल होतो. तसा तो झाला आणि नेमका त्याच वेळी वारा पडला. पान हलेना. आमच्याकडची जुनी माणसं अशा वेळी अंगणातलं वाळवण उचलायला धावायची.

माझी गाडी विजेवरची. इंजिनाची घरघर नाही, त्यामुळे एरवी बाहेरचं जग तिच्यात सहज शिरतं; पाखरांची बोली, ट्रॅक्टरची धडधड, टायरखालची खडी. पहिली गार टपावर आदळली ती थेट डोक्यात वाजली. दुसरी काचेवर. मग मोजता येईनात. एखाद्या टिनाच्या छपरावर कुणीतरी सुपारीची पोती रिकामी करतंय असा तो आवाज, आणि त्याला अडवायला मध्ये दुसरा कुठलाच आवाज नाही. मला भीती वाटली, हे मान्य करतो. पण त्याहून जास्त असं वाटलं की इतक्या वर्षांत गारपीट मी पहिल्यांदाच पूर्ण ऐकतो आहे.

रस्ता पाच मिनिटांत पांढरा झाला. विजेच्या गाडीत ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की मोटर उलटं काम करू लागते, चाकांचा वेग खाऊन वीज बॅटरीत परत भरते. कोरड्या रस्त्यावर हे वरदानच. पण गारांवरून जाणं म्हणजे सांडलेल्या ज्वारीवर पाय ठेवण्यासारखं. पाय उचलल्याबरोबर चाकं धरली गेली आणि गाडीचं मागचं अंग किंचित सरकलं. ही गोष्ट मला माझ्या भाच्यानं शिकवून ठेवली होती. तो अमेरिकेत व्हर्जिनियात राहतो, विजेचीच गाडी चालवतो. "मामाजी, बर्फात ते आपोआप आवरणं कमी करून ठेवायचं, आणि पाय असा उचलायचा की गाडीला कळू नये." सेलूच्या रस्त्यावर बर्फ कुठला, म्हणून तेव्हा मी हसलो होतो. आता त्याचंच ऐकलं. आवरणं कमी केलं, बैलबंडीच्या चालीनं रस्त्याकडेच्या एका गोठ्याजवळ आलो आणि थांबलो.

भाच्यानं आणखी एक गोष्ट सांगितली होती. 2022 च्या जानेवारीत त्याच्या राज्यातल्या महामार्गावर हिमवादळात शेकडो गाड्या अडकल्या, काही तर चोवीस तासांहून जास्त. टिम केन हे तिथले सिनेटर. वॉशिंग्टनला पोचायला त्यांना 27 तास लागले. त्यानंतर तिथे सगळीकडे एकच प्रश्न: विजेच्या गाडीत अडकलेला माणूस गारठून मरेल का? भाच्यानं कागदावर हिशेब मांडला. उभ्या गाडीत ऊब राखायला तासाला दीड-दोन युनिट. साठ युनिटांची बॅटरी निम्म्याहून जास्त भरलेली असली तरी रात्र सहज निघते. फक्त एक आहे. पेट्रोलच्या गाडीत ऊब ही इंजिनाची उरलीसुरली उष्णता, चुलीच्या मागच्या वैलासारखी, फुकटची. विजेच्या गाडीत तीच शिदोरी वाटेला आणि तीच ऊब घ्यायला. नॉर्वेतल्या मोटारचालकांच्या संघटनेनं 2020 च्या हिवाळ्यात गाड्या पळवून पाहिल्या, तर एका भरणीत कापायचं अंतर सरासरी साडेअठरा टक्क्यांनी घटलं. तरी तिथे आज नव्या गाड्यांत बहुतेक विजेच्याच. त्या लोकांना बर्फ कधी येणार ते ठाऊक असतं. तो महिनोन् महिने मुक्कामाला असतो, घरच्यासारखा.

आमचा बर्फ मुक्कामाला येत नाही. भूमध्य समुद्राकडून निघालेला पश्चिमी झंझावात उत्तरेतून सरकतो, त्याच सुमारास बंगालच्या उपसागरावरून ओल आत येते, खाली जमीन तापू लागलेली असते. ढग दहा-बारा किलोमीटर उंच चढतो. त्याच्या पोटातला वारा पाण्याच्या थेंबांना वर नेऊन गोठवतो, पेलता येईल तोवर झुलवत ठेवतो आणि गारेवर कांद्यासारखे पदर चढत जातात. मग पेलवत नाही. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्यभर हेच चाललं होतं, 2018 च्या फेब्रुवारीत विदर्भ-मराठवाड्यात पुन्हा तेच. घडतं ते दहा-पंधरा मिनिटांत. तेवढ्यात वर्ष जातं.

काचेवर टकटक झाली. डोक्यावर घमेलं धरलेला एक पोरगा. त्याची मोटरसायकल गोठ्यापाशी आडवी पडली होती.

"काकाजी, बसू का दोन मिनिटं?"

तो बसला तेव्हा दात वाजत होते. बाहेरचा पारा पाहता पाहता उतरला होता. मी हीटर पुरता उघडला. पडद्यावर 38 टक्के. वर्ध्याला पुरून उरतील इतके.

"गाडी बंद हाये ना? मंग गरम कायनं होऊन राह्यली?"

"बॅटरीवर."

"मंग तुमचं चार्जिंग उतरन ना."

"उतरू दे."

तो पुढे काही बोलला नाही. समोरच्या वावराकडे पाहत राहिला. तिथे काही दिसत नव्हतं, नुसता पांढरा कल्लोळ. बऱ्याच वेळानं म्हणाला, "कालच चना सोंगला. उद्याचं थ्रेशर सांगून ठेवलं होतं." माझ्याकडे शब्द नव्हते. हीटरची झडप मी त्याच्याकडे वळवली.

गारा सुरू झाल्या तशाच थांबल्या. दार उघडलं तर टपटप पाणी आणि केळीच्या पानांची लक्तरं. धुऱ्यालगत गारांचा थर साचलेला, उन्हाची तिरीप पडून चमकणारा. पाहायला सुंदर होतं, आणि ते सुंदर आहे हे त्याच्यासमोर मनात आणायचीही लाज वाटली. हरभऱ्याच्या ढिगावरची ताडपत्री वाऱ्यानं अर्धी उलटवली होती. दोन कोपरे त्यानं धरले, दोन मी. गारा झटकल्या. खालचा ढीग मधोमध भिजलेला, पण कडेचे घाटे त्यानं मुठीत चोळून पाहिले तर दाणा कोरडा निघाला. त्यानं तो माझ्या तळहातावर ठेवला. मग दोघांनी मिळून ओला भाग वेगळा पसरला, बांधावर, जमेल तितका पातळ.

परत गाडीत बसलो तेव्हा हीटर सुरूच होता. बंद करायचं राहून गेलं होतं. आकडा 35 वर आला होता. शेजारच्या सीटवर ओल उमटली होती, पायाशी चिखल, हरभऱ्याची दोन-चार पानं, आणि त्या उबेत पानांवरच्या आंबेचा वास गाडीभर पसरला होता. पवनारला धामचा पूल ओलांडेपर्यंत मी काच खाली केली नाही.