आधी कान झाका

अक्षरं उलटीसुलटी करून दिलेला शब्द शोधायचा असेल, तर तो मोठ्यानं वाचू नये. इंग्रजीतलं ‘जंबल’ हे रोजचं कोडं सोडवता सोडवता मी स्वतःपुरता केलेला हा पहिला नियम. कोडं रचणारा तो कुठं छापत नाही. छापेलच कशाला? त्याचं पोट त्यावरच चालतं.

समजा, टी, ई, एन, एम, आय, टी अशी अक्षरं दिलीत. एकदा ‘टेनमिट’ असं वाचलं की संपलं. मग डोक्यात ‘टेन मिनिट’ जे घुसतं ते घटकाभर हलत नाही. उत्तर आहे ‘मिटन’, म्हणजे थंडीतला हातमोजा. ही वस्तू चेन्नईत उभा जन्म काढला तरी लागायची नाही, पण कोड्यात नेमानं भेटते. रचणारा अक्षरं नुसती विस्कटत नाही, तर एक खोटा, पण तोंडात सहज बसणारा शब्द तयार करतो. आपण देवनागरीत वाढलेली माणसं, लिहिलं तसं म्हणणारी, त्यामुळे पहिल्या झटक्यात फसतो.

यावर माझा उपाय साधा. आमचं सोन्याच्या गलाईचं दुकान चेन्नईच्या जॉर्ज टाउनमध्ये, सावकारपेठेत. विटा, खानापूर, आटपाडीकडची कितीतरी घरं या धंद्यापायी देशभरच्या सराफ बाजारांत पांगली, त्यातलंच आमचं एक. हिशेब माझ्याकडे. दुपारी भट्टीजवळची वर्दळ ओसरली की टंचाची, म्हणजे सोन्याचा कस लिहिलेली, एखादी रद्द चिठ्ठी उलटी करते आणि अक्षरं ओळीत न लिहिता गोल लिहिते. गोलाला सुरुवात नसते, म्हणून खोटा शब्द उभाच राहत नाही. स्वर मधोमध घेते. दोन टी दिसले तर शेजारी ठेवून बघते. एच असेल तर त्याला टी, सी किंवा एस जोडून पाहते. सहा निराळ्या अक्षरांच्या 720 मांडण्या होतात, पण अशा चार खुंट्या मारल्या की पाचपंचवीसच उरतात.

हे कोडं 1954 मध्ये मार्टिन नेडेल या अमेरिकन चित्रकारानं सुरू केलं. तेव्हा त्याचं नाव ‘स्क्रॅम्बल’ होतं. 1962 पासून हेन्री अर्नोल्ड चित्रं काढू लागला आणि बॉब ली शब्द रचू लागला. ढाचा अजून तोच आहे: चार शब्द, दोन पाच अक्षरांचे, दोन सहाचे. त्यातल्या काही चौकटींत वर्तुळं असतात. वर्तुळांतली अक्षरं पुन्हा जुळवली की शेजारच्या व्यंगचित्राचं उत्तर निघतं, आणि ते उत्तर म्हणजे हमखास एक कोटी.

रचणाऱ्याचे हातही बांधलेले असतात, कारण दिलेल्या अक्षरांतून एकच शब्द निघाला पाहिजे. नाताळातली चमचमती झिरमिळी म्हणजे ‘टिन्सेल’. पॅरीज कॉर्नरच्या गल्ल्यांत डिसेंबरात तिचे भारे लटकतात, पण कोड्यात ती येऊ शकत नाही, कारण त्याच सहा अक्षरांत ‘लिसन’ आहे, ‘सायलेंट’ आहे, ‘एनलिस्ट’ही आहे. ‘कॅरल’ घ्यावं तर त्याचं ‘कोरल’ होतं. देवदूताचा ‘एंजल’ घ्यावा तर तो ‘अँगल’ होऊन बसतो. सणाचे निम्मे शब्द असे दाराबाहेरच राहतात.

आता कोटीकडे. इथे मघाचा नियम साफ उलटा होतो. एका नाताळच्या कोड्यात वकील करार वाचून दाखवतोय आणि समोर लाल टोपीवाला म्हातारा बसलाय. माझ्या हातात अकरा अक्षरं, त्यात तीन ए. ‘सँटा’ लगेच निघाला, पुढचा ‘क्लॉज’ही जुळला, आणि एक ई शिल्लक राहिला. हायकोर्टाच्या सावलीत, वकिलांच्या गल्ल्यांलगत राहून तो ई कळायला खरं तर वेळ लागू नये. करारातल्या कलमाच्या ‘क्लॉज’ला शेवटी ई असतो. उच्चारात तो नाहीच, म्हणून डोळ्यांनी शोधत बसलं तर तो अडखळवतो आणि मोठ्यानं म्हटलं की हसू येतं. पहिले चार शब्द कान झाकून सोडवायचे नि पाचवं उत्तर कान उघडून. हा मधला पालट ज्याला वेळेवर जमतो तो सुटला.

या पेठेत कान उघडे ठेवायची सवय आपोआप लागते. तमिळ, तेलुगू, मारवाडी, उर्दू, गुजराती सगळं एकाच काउंटरवर चालतं. पेठेचं नाव इंग्रजीत असं लिहितात, की परका ते डुकरीण आणि गालिचा असं वाचेल. आपल्या कानाला मात्र त्यात सावकार लगेच ऐकू येतो. आणि इथून जवळच्या मिंट स्ट्रीटवर, या भागाला ब्लॅक टाउन म्हणत तेव्हा, 1878 मध्ये ‘द हिंदू’चा पहिला अंक छापला गेला. शब्दांचा धंदा आमच्या सोन्याशेजारी जुनाच.

अमेरिकेचे सण मात्र मला या कोड्यानंच शिकवले. नोव्हेंबरात टर्की, ऑक्टोबरअखेर भोपळे. त्या कोट्या सुटतात, पण पोटातून हसू येत नाही. खाल्लेलं नसतं ना.

म्हणून यंदा घरच्या पोरांसाठी आपल्या सणाचं कोडं करायला बसले. ‘दिवाळी’ची अक्षरं तीन, मांडण्या सहा, पोरं पेन उघडायच्या आत सोडवतील. आपल्याकडे शब्द लपवणं अवघड, कोटी करणं सोपं. शेवटी भोगी घेतली. संक्रांतीच्या आदल्या दिवशी गावाकडे भोगीची मिसळीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी. चेन्नईत त्याच पहाटे जुन्या चटया, गाद्या, कधी टायरसुद्धा जाळतात आणि मुलं छोटी ढोलकी बडवत फिरतात. धुरानं विमानं खोळंबतात. चित्रात एक जण गादी पेटवतोय, शेजारचा खोकतोय. उत्तर: ‘एकाची भोगी, दुसऱ्याचे भोग’. मोजून अकरा अक्षरं, सँटाच्या कलमाइतकीच.

पुतण्यानं चिठ्ठी हातात घेतली आणि बोट थेट ‘ऱ्या’वर ठेवलं. “काकू, हा दुसऱ्याशिवाय कुणाचा असणार?” तिथून ‘चे’ आणि ‘भोग’ ओढून काढायला त्याला चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नाही.

पुढच्या भोगीला काना, मात्रा, वेलांटी सगळं सुटं करून देणार आहे. मग बघू.